वॉलेसचं वर्ष : २०१३ मधल्या एका स्मृतिशताब्दीचा हिशेब

२००९ साली ब्रिटनमध्ये डार्विनला टाळायचं म्हटलं तरी जमलं नसतं. जन्माला दोनशे वर्षं आणि उत्क्रांतीवरच्या मुख्य ग्रंथाला दीडशे, असे दोन्ही योग एकाच सालात जुळून आले होते. दोन पौंडांच्या नाण्यावर डार्विन आणि चिंपांझी समोरासमोर, टपाल तिकिटं निघालेली, केंब्रिजला जुलैत मोठा महोत्सव, केंटमधलं त्याचं राहतं घर नव्या मांडणीसह पुन्हा लोकांसाठी खुलं. दहा पौंडांच्या नोटेवर तो २००० पासून होताच. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने तर त्याचा संगमरवरी पुतळा आदल्या वर्षीच मुख्य दालनातल्या जिन्यावर पुन्हा आणून बसवला होता.

त्यानंतर चारच वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०१३ रोजी, आल्फ्रेड रसेल वॉलेसच्या मृत्यूला शंभर वर्षं पूर्ण होत होती. नैसर्गिक निवडीची, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात आणि त्यातून नव्या जाती घडतात ही कल्पना डार्विनइतकीच स्वतंत्रपणे सुचलेला हा माणूस. म्युझियम तेच, विषय तोच, पण परिस्थिती पार उलटी. डार्विनच्या वर्षात लोक आपणहून येत होते. वॉलेसच्या वेळी नाव ऐकून ‘हा कोण?’ असं विचारणारेच जास्त. जयंत्या-पुण्यतिथ्या एरवी ओळखीच्या माणसांच्या होतात. ज्याला फारसं कुणी ओळखत नाही त्याची शताब्दी सार्वजनिक कशी करायची, हा इथला पेच होता. तो बऱ्याच अंशी सुटला, आणि सुटताना काही गोष्टी वाकड्याही झाल्या. म्हणून हे प्रकरण जरा तपशिलात पाहण्यासारखं आहे.

माणूस

वॉलेसचा जन्म ८ जानेवारी १८२३ चा, वेल्सच्या सीमेवरल्या अस्क गावाजवळचा. घरची स्थिती बेताची. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि तो मोठ्या भावाबरोबर जमीनमोजणीच्या कामाला लागला. पुढे लेस्टरला शिक्षकी करताना हेन्री बेट्स भेटला, भुंगे गोळा करायचा नाद लागला आणि १८४८ मध्ये दोघं थेट अॅमेझॉनला गेले. नमुने विकायचे आणि त्यातून पोट भरायचं, असा रोकडा व्यवहार होता. चार वर्षांनी परतताना भर समुद्रात जहाजाला आग लागली. संग्रहाचा मोठा भाग आणि बऱ्याचशा वह्या जळाल्या, आणि जहाजावरच्या लोकांनी दहा दिवस उघड्या होड्यांत काढले. एखाद्याने पुन्हा समुद्राचं नाव काढलं नसतं. वॉलेस १८५४ मध्ये मलाय द्वीपसमूहाकडे (आजच्या इंडोनेशिया-मलेशियाकडे) निघाला आणि आठ वर्षं तिथेच फिरत राहिला. त्या आठ वर्षांतली जमा त्याने स्वतःच मांडून ठेवली आहे : एकूण १,२५,६६० नमुने, त्यात ८३,२०० भुंगे आणि ८,०५० पक्षी.

१८५८ च्या सुरुवातीला, टर्नाटे बेटावरच्या मुक्कामाच्या काळात, तापाने फणफणलेला असताना त्याला नैसर्गिक निवडीची कल्पना सुचली. त्याने निबंध लिहिला आणि डार्विनलाच पाठवला. डार्विन वीस वर्षं हाच विचार घोळवत बसला होता. लायल आणि हूकर या त्याच्या मित्रांनी तोडगा काढला आणि १ जुलै १८५८ रोजी लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्गशास्त्रज्ञांच्या संस्थेत दोघांचं लेखन एकत्र वाचलं गेलं. डार्विन तिथे नव्हता, त्याचं तान्हं मूल तीनच दिवसांपूर्वी गेलं होतं. वॉलेस हजारो मैल दूर होता आणि त्याची संमती कुणी घेतलीच नव्हती.

या गोष्टीत मुंबईही आहे, ते आपल्याकडे फारसं सांगितलं जात नाही. १८६२ मध्ये वॉलेस परत निघाला तेव्हा त्याच्याबरोबर दोन जिवंत स्वर्गीय पक्षी (बर्ड ऑफ पॅरडाइज) होते. वाटेत तो आठवडाभर मुंबईत थांबला. प्रवासाचा शीण घालवायचा आणि पक्ष्यांसाठी केळ्यांचा नवा साठा भरून घ्यायचा, अशी दोन कारणं त्याने लिहून ठेवली आहेत. पक्ष्यांना केळ्यांबरोबर झुरळंही लागत आणि आगबोटीवर ती पुरेशी मिळेनात. तेव्हा हा गृहस्थ कोठारात सापळे लावून आणि रोज रात्री तासभर खलाशांच्या भागात शोधून काही डझन झुरळं पकडून आणी. माल्टाला एका भट्टीतून त्याने बिस्किटांचे डबे भरून झुरळं बरोबर घेतली. दोन्ही पक्षी लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जिवंत पोचले.

विसर कसा पडला

हयातीत वॉलेस अजिबात अज्ञात नव्हता. १९०८ मध्ये त्याला ‘ऑर्डर ऑफ मेरिट’ हा ब्रिटनमधला अत्यंत मोठा सन्मान मिळाला. मृत्यूनंतर दोन वर्षांनी वेस्टमिन्स्टर अॅबीत त्याच्या स्मरणार्थ पदकशिल्प बसलं. मग पुढे काय झालं?

एक कारण तो स्वतः. १ जुलै १९०८ रोजी लिनियन सोसायटीने त्या वाचनाची पन्नाशी साजरी केली. वॉलेस पंच्याऐंशी वर्षांचा, पण हजर होता. या प्रसंगासाठी डार्विन-वॉलेस पदक मुद्दाम पाडलं होतं. सोन्याचं एकच होतं आणि ते त्याला मिळालं. हूकर, हेकेल, गॉल्टन वगैरे सहा जणांना चांदीचं. आता या समारंभात त्याने काय सांगावं? तर डार्विनच्या आणि आपल्या श्रेयाचं प्रमाण वीस वर्षांस एक आठवडा असं धरावं! स्वतःच्याच गौरवसमारंभात स्वतःचा वाटा इतक्या स्वच्छ हिशेबाने कमी करून घेणारा दुसरा सत्कारमूर्ती मला तरी माहीत नाही. त्याआधी १८६९ चं प्रवासवर्णन त्याने डार्विनला अर्पण केलं होतं आणि १८८९ मध्ये उत्क्रांतीवर पुस्तक लिहिलं त्याचं नावच डार्विनच्या नावावरून ठेवलं होतं.

दुसरं कारण काळाचं. वॉलेस गेला तेव्हा नैसर्गिक निवड ही कल्पनाच शास्त्रज्ञांमध्ये काहीशी मागे पडली होती. १९३०-४० च्या दशकांत आनुवंशशास्त्राच्या जोडीने ती पुन्हा वर आली तेव्हा तिला एक मूळ पुरुष हवा होता, आणि तोवर डार्विनचं नाव पक्कं झालं होतं. वॉलेसचा परलोकविद्येवरचा, म्हणजे मृतात्म्यांशी बोलता येतं यावरचा विश्वास आणि देवीच्या सक्तीच्या लसीकरणाला त्याने केलेला विरोध यांनीही त्याची बाजू लंगडी केली.

कबरीपासून सुरुवात

२०१३ ची तयारी २०१३ मध्ये झालेली नाही, आणि या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच आहे. डॉर्सेटमधल्या ब्रॉडस्टोन गावच्या स्मशानभूमीत वॉलेसची कबर आहे. तिच्यावर पोर्टलंडहून आणलेलं, माणसाहून उंच असं जीवाश्म झालेलं झाडाचं खोड उभं आहे. नव्वदच्या दशकाच्या शेवटी ही कबर मोडकळीला आली होती. १९९९ मध्ये जॉर्ज बेकालोनी यांनी वॉलेसच्या नातवांबरोबर एक स्मारकनिधी सुरू केला आणि पुढच्या वर्षी कबर दुरुस्त झाली. बेकालोनी नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये क्युरेटर होते. त्यांच्याकडे संग्रह होता नाकतोडे आणि झुरळांचा. बिस्किटाच्या डब्यांतून झुरळं नेणाऱ्या माणसाची आठवण राखायला झुरळांचाच जाणकार पुढे यावा, हा योगायोग मला फार आवडतो.

२००२ मध्ये म्युझियमने वॉलेसच्या कुटुंबाकडचे कागद विकत घेतले. वह्या, पत्रं, नमुने, त्याची स्वतःची पुस्तकं असा सगळा ऐवज. २०१० मध्ये त्याची जगभर विखुरलेली पत्रं शोधून, छायाचित्रं काढून, लिप्यंतर करून एकत्र आणायचा प्रकल्प सुरू झाला. डार्विनच्या पत्रांचं असंच काम केंब्रिजला १९७४ मध्ये सुरू झालं होतं. म्हणजे दोघांत छत्तीस वर्षांचं अंतर. वॉलेसबद्दल जे काही तोवर लिहिलं जात होतं त्यातलं बरंचसं त्याच्या आत्मचरित्रावर आणि छापील लेखांवर उभं होतं. माणूस समजून घ्यायला लागणारा कच्चा मालच कुणापाशी नव्हता.

इथे आयोजकांचं खरं शहाणपण दिसतं. शताब्दीचं साल त्यांनी कार्यक्रमांचं साल मानलं नाही, कामं पुरी करायची मुदत मानली. कबर झाली, कागद आले, पत्रं सुरू झाली. देणगीदाराला किंवा संस्थेच्या संचालकांना ‘हे कधीतरी व्हायला हवं’ म्हटलं तर ते मान डोलावतात. ‘७ नोव्हेंबर २०१३ च्या आत व्हायला हवं’ म्हटलं की कागदावर सही होण्याची शक्यता वाढते. तारखेचा एवढा उपयोग आपल्याकडच्या बहुतेक समित्या करत नाहीत, त्या तारखेच्या आधी मंडप सांगतात.

वर्ष

जानेवारी २०१३ च्या उत्तरार्धात म्युझियमच्या मुख्य दालनात वॉलेसचं तैलचित्र पुन्हा लागलं. हे चित्र म्युझियमला १९२३ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, भेट मिळालं होतं आणि मधली कित्येक दशकं त्या जागेवरून हललेलं होतं. आता ते डार्विनच्या पुतळ्यापासून जवळच आलं. अनावरण केलं बिल बेली यांनी. बेली हे विनोदी कलाकार, दूरचित्रवाणीवरचा घराघरांत ओळखीचा चेहरा आणि वॉलेसचे कट्टर चाहते. त्याच वर्षी बीबीसीवर त्यांची दोन भागांची मालिका आली, त्यात ते वॉलेसच्या वाटेने इंडोनेशियात फिरले.

एखाद्या प्राध्यापकाऐवजी विनोदी नटाला पुढे करण्याचा हा निर्णय मला पूर्ण वर्षातला सर्वांत नेमका वाटतो. वॉलेसला प्रतिष्ठेची उणीव नव्हती, ती १९०८ मध्येच मिळून चुकली होती. उणीव होती ती ‘अरे, हा माणूस भारीच होता’ असं मोकळेपणाने म्हणणाऱ्या आवाजाची. आणि वॉलेसच्या आयुष्यात बुडती जहाजं, झुरळांची शिकार, ताप असा मसाला इतका आहे की गोष्ट सांगणाराच हवा होता.

त्याच जानेवारीत पत्रांचा संग्रह इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला झाला. त्याच्या थोडं आधी, २०१२ मध्ये, सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातले इतिहासकार जॉन व्हॅन वाय यांनी वॉलेसचं छापील लेखन वेगळ्या संकेतस्थळावर एकत्र आणलं होतं. दोन्ही फुकट. वर्षभर मग इतर बरंच झालं. म्युझियममध्ये वॉलेसने गोळा केलेले नमुने पाहत फिरायची वाट आखली गेली, विद्वत्सभांच्या परिषदा झाल्या, वेल्समधल्या एका नाट्यसंस्थेने त्याच्यावरचं एकपात्री नाटक केलं. या सगळ्याची यादी देण्यात अर्थ नाही. अशा वर्षात व्याख्यानं होतातच.

७ नोव्हेंबरला म्युझियमच्या आवारात वॉलेसच्या ब्राँझच्या पुतळ्याचं अनावरण डेव्हिड अॅटनबरो यांच्या हस्ते झालं. पैसा लोकवर्गणीचा होता. शिल्पकार अँथनी स्मिथ मुळात प्राणिशास्त्र शिकलेले. केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजातला तरुण डार्विनचा २००९ चा पुतळाही त्यांचाच. वॉलेसला त्यांनी दाढीवाला म्हातारा म्हणून घडवलं नाही, जंगलातल्या कपड्यांत, हातात जाळं घेऊन वर पाहणारा उमेदीतला माणूस केला. तो पाहतो आहे एका सोनेरी पंखांच्या फुलपाखराकडे. १८५९ मध्ये बाचान बेटावर हे फुलपाखरू पहिल्यांदा हाती आलं तेव्हा काळीज धडधडलं, रक्त डोक्यात चढलं, मूर्च्छा येईल की काय असं वाटलं आणि दिवसभर डोकं दुखत राहिलं, असं वॉलेसने लिहिलंय. सिद्धांताचा पुतळा करता येत नाही, आनंदाचा येतो. स्मिथ यांनी बरोबर क्षण पकडला.

घोषणेची किंमत

आता वाकडं काय झालं ते. लोकांचं लक्ष वेधायला एकच ओळ सगळीकडे चालली : डार्विनच्या सावलीत विसरला गेलेला माणूस. ओळ खोटी नव्हती. पण तिचा परिणाम असा की वॉलेसवरची बहुतेक प्रत्येक बातमी डार्विनच्या नावाने सुरू होऊ लागली. ज्या सावलीतून त्याला बाहेर काढायचं, तिचंच माप प्रत्येक वेळी पुन्हा घेतलं जाई. प्राण्यांचं भौगोलिक वाटप हा विषय जवळपास त्याने उभा केला, बाली आणि लोम्बोक या शेजारी बेटांमधून जाणारी आशियाई आणि ऑस्ट्रेलियाई प्राण्यांमधली सीमा आजही त्याच्या नावाने ओळखली जाते. यावर एक अख्खा महोत्सव उभा राहिला असता. तो विषय दुसऱ्या परिच्छेदात जाऊन बसला.

शिवाय ‘विसरलेला’ या शब्दाच्या पाठोपाठ ‘लुबाडलेला’ आलाच. डार्विनला वॉलेसचं पत्र त्याने सांगितलेल्या तारखेच्या आधीच मिळालं होतं आणि त्याने त्यातून कल्पना उचलली, असा आरोप अनेक वर्षं फिरतोय. आरोपाचा सगळा डोलारा टपालाच्या वेळापत्रकावर आहे. टर्नाटेहून मार्चच्या बोटीने पत्र निघालं असेल तर ते जूनच्या सुरुवातीला इंग्लंडला पोचायला हवं होतं. डार्विन म्हणतो ते १८ जूनला आलं. २०१२ मध्ये व्हॅन वाय आणि कीस रोकमाकर यांनी दाखवलं की वॉलेसचं पत्र हे मार्चच्या बोटीने आलेल्या डार्विनच्याच पत्राला उत्तर होतं. मग ते त्याच बोटीने परत जाणं कठीण. एप्रिलच्या बोटीने निघालं तर बरोबर जूनच्या मध्यावर येतं. सगळ्यांनी हे मान्य केलं असं नाही. पण वॉलेसला लुबाडलं म्हणणाऱ्यांनी हेही पाहावं की खुद्द त्याने आईला पत्र लिहून या सगळ्याबद्दल अभिमानच व्यक्त केला होता, आणि १८८१ मध्ये त्याला वर्षाला २०० पौंडांचं सरकारी निवृत्तिवेतन मिळालं त्यामागे डार्विनची खटपट होती. तक्रार नसलेल्या माणसाच्या वतीने तक्रार करणं सोपं असतं आणि त्याला टाळ्याही मिळतात. आयोजकांपैकी अभ्यासकांनी या वादात संयम ठेवला. त्यांच्या घोषणेने मात्र दार किलकिलं करून ठेवलं होतं.

त्याहून मोठी उणीव मला अलीची वाटते. बोर्निओतल्या सारावाकचा हा मलाय मुलगा वॉलेसबरोबर सुरुवातीला स्वयंपाक करायला राहिला आणि पुढे पक्षी टिपण्यात, कातडी सोलून भरण्यात तरबेज झाला. बाचानवर १८५८ मध्ये ज्या स्वर्गीय पक्ष्याला नंतर वॉलेसचं नाव मिळालं, तो पहिल्यांदा टिपून आणला अलीनेच. त्या ८,०५० पक्ष्यांत अलीने आणलेले किती, हा प्रश्न उत्सवाच्या गर्दीत कुणाला विचारावासा वाटला असेल? १९०७ मध्ये एका अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञाला टर्नाटेत एक सुरकुतलेला म्हातारा भेटला आणि त्याने आपलं नाव अली वॉलेस असं सांगितलं. अलीवरचा पहिला सविस्तर शोधनिबंध आला तो २०१५ मध्ये, शताब्दी उलटून गेल्यावर. यात कुणाचा दुष्टावा नाही. शताब्दी साजरी करायला तारीख लागते, आणि अलीच्या जन्माची किंवा मृत्यूची तारीख कुणीच टिपून ठेवलेली नाही. वॉलेस चर्चच्या आणि सरकारच्या नोंदवह्यांत होता म्हणून त्याचं वर्ष झालं. उत्सव बहुतांशी ब्रिटनमध्ये झाले, काम मात्र आठ वर्षं द्वीपसमूहात चाललं होतं. टर्नाटेचे लोक या सगळ्यात यजमान कमी आणि पार्श्वभूमी जास्त ठरले.

आणि लसीकरण, परलोकविद्या हे अवघड विषय? परिषदांमध्ये त्यांवर बोललं गेलं, पण लोकांसमोरच्या कार्यक्रमांत ते हळूच बाजूला सरकले. नव्या ओळखीच्या माणसाचे दोष पहिल्याच भेटीत सांगू नयेत हे समजू शकतो. पण २०२३ मध्ये, द्विजन्मशताब्दीच्या वेळी, लसविरोधाचा विषय महासाथीच्या ताज्या आठवणीमुळे नकोसा इतका समोर आला होता की दहा वर्षांपूर्वीच तो शांतपणे मांडला असता तर बरं झालं असतं.

जमा बाजू

तैलचित्र, पुतळा आणि पत्रं. यातली पत्रं सगळ्यांत कमी दिसणारी आणि सगळ्यांत जास्त चालणारी. ती आता एप्सिलॉन या एकोणिसाव्या शतकातल्या शास्त्रज्ञांच्या पत्रांच्या सामाईक मंचावर, डार्विनच्या पत्रांच्या शेजारीच, शोधून वाचता येतात. २०१३ नंतर वॉलेसवर लिहिणारा कुणीही ती उघडल्याशिवाय पुढे जात नाही.

आपल्याकडे ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह २०२० पासून राज्य सरकारतर्फे साजरा होतो. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंत. वॉलेसची पुण्यतिथी नेमकी याच आठवड्यात येते, हा निव्वळ पंचांगाचा खेळ. सप्ताहात पाणवठ्यांवर पक्षीनिरीक्षण होतं, शाळांत चित्रकला आणि भाषणं होतात. चांगलंच आहे, मुलं पहाटे उठून तळ्यावर जातात हे काही थोडं नव्हे. पण चितमपल्ली १८ जून २०२५ रोजी सोलापुरात गेले आणि त्यांची जन्मशताब्दी ५ नोव्हेंबर २०३२ ला आहे. नवेगाव-नागझिऱ्याच्या जंगलांत त्यांच्याबरोबर राहिलेले वनरक्षक आणि वाटाडे आज म्हातारे झाले आहेत, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांची नावं कुठल्याच नोंदवहीत नसतील. चितमपल्लींनी लिहिलेली पत्रं वाचकांच्या, वनाधिकाऱ्यांच्या, संपादकांच्या कपाटांत असणार. ती कुणाकडे आहेत याची साधी यादी करायलाही दोन-तीन वर्षं जातील. बेकालोनींना कबरीपासून पुतळ्यापर्यंत चौदा वर्षं लागली. इथे तेवढी उरलेली नाहीत.